डावातली तोड

तृतीय वर्षाचा तत्त्वज्ञानाचा तास दुपारी बाराला. ही शेवटच्या बाकावरच्या पैलवानाची झोपेची वेळ. पहाटे तालमीत घाम गाळून आलेल्या पोराला मी तरी कशाला उठवू?

त्या दिवशी फळ्यावर ‘द्वंद्वात्मक विचारपद्धती’ लिहिलं आणि खाली नेहमीचे तीन शब्द: पक्ष, प्रतिपक्ष, समन्वय. चौदा वर्षं हे मी जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या नावावर खपवतोय. खरं तर ही तिकडी त्याच्या आधीच्या फिख्ते या तत्त्वज्ञाची. हेगेलनं १८०७च्या ‘फेनॉमेनॉलॉजी’ या ग्रंथात असल्या निर्जीव साच्यावर टीकाच केलीय. पण गाइडात तसं छापलंय.

‘द्वंद्व’ ऐकून पैलवान जागा झाला.

“सर, द्वंद्व म्हंजे कुस्तीच की. मग ह्यो तिसरा कुठनं आला?”

वर्ग हसला. मी सांगू लागलो, तिसरा सोड, इथं दुसराही बाहेरून येत नाही. नुसतं ‘असणं’ घे. कसलं, कुठलं, काहीच सांगायचं नाही. मग ते ‘नसण्या’हून वेगळं कसं ओळखायचं? एकातून दुसरं निघतं, आणि त्या ये-जा करण्यालाच हेगेल ‘होणं’ म्हणतो.

सगळे चेहरे कोरे.

“असं व्हय,” तो म्हणाला. “पट काढाय, म्हंजे समोरच्याचा पाय धराय वाकलं की आपलीच मान उघडी पडती. डावातच तोड असती.”

मी खडू खाली ठेवला. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. तरी मास्तरकी सुटेना. म्हटलं, “अरे, पण कुस्ती निकाली होते, एकाची पाठ लागते. हेगेलचा ‘आउफहेबेन’ म्हणजे मोडणं, राखणं आणि वर उचलणं, सगळं एकदम. मराठीत असा शब्द नाही.”

“हाय की,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “आई म्हणती, पसारा उचलून ठेव.”

खरंच. जागेवरून काढायचं, पण टाकायचं नाही.

पैलवानाचं अजून संपलं नव्हतं. “गेल्या जत्रंत मी ढाकेवर पडलो, सर. मग महिनाभर त्योच डाव घोटला. आता त्यो माझा हाय.”

घंटा झाली. दारात त्यानं गाठलं. “ह्ये पेपरात लिहू?”

“उत्तरसूचीत ते तीनच शब्द आहेत रे.”

तो थोडा थांबला. “तपासणारं कोल्हापूरचं असत्यात का?”