पहिली निवड

न्यू जर्सीतल्या आमच्या बारा जणांच्या फँटसी बेसबॉल लीगचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मोजण्याच्या खेळाचा, 2024 चा हंगाम संपला आणि आज मार्चमधल्या ड्राफ्टचा (पाळीपाळीने खेळाडू निवडण्याचा) कागद पुन्हा समोर घेऊन बसलो. पहिल्या ओळीत माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेले नाव आहे: अटलांटा ब्रेव्ह्जचा फलंदाज रोनाल्ड अकुन्या. 2023 मध्ये 41 होमरन (मैदानाबाहेर टोलवलेले चेंडू) आणि 73 चोरलेले बेस (गोलंदाज चेंडू टाकत असताना धावून गाठलेले पुढचे बेस) अशी कामगिरी केलेल्या खेळाडूला पहिला क्रमांक मिळूनही सोडावे, असे तेव्हा कोणालाच सुचले नसते आणि ती निवड मला आजही योग्यच वाटते. 26 मे रोजी पिट्सबर्गमध्ये तिसऱ्या बेसकडे निघून मागे वळताना त्याचा डावा गुडघा दुखावला, तो क्षण पाहताना माझ्या हातातला चहा तसाच गार झाला होता. त्याआधी एप्रिलमध्येच माझा दुसरा आधार, गोलंदाज स्पेन्सर स्ट्रायडर, कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे बाद झाला होता.

खरी हळहळ वाटते ती फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीची. यंदा तो गोलंदाजी करणार नाही, एवढ्याच कारणावरून आम्ही दहा जणांनी त्याला ओलांडले आणि अकराव्या क्रमांकावर ज्याने त्याला घेतले, त्याच्या पदरात 54 होमरन व 59 चोरलेले बेस पडले. त्या नावापुढे मी पेन्सिलीने काढलेले प्रश्नचिन्ह अजून तसेच आहे.