चौदा वर्षे जपलेला कागद

गुरुवार, रात्र

आज संध्याकाळी एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. चौदा वर्षांपूर्वी तो आमच्या कार्यालयात रुजू झाला, दोन-अडीच वर्षे राहिला आणि मग दुसरीकडे गेला. त्यानंतर आमचा संबंध वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरताच उरला होता. सध्या तो घर बदलतो आहे. सामानाची आवराआवर करताना एका जुन्या फाइलच्या मागच्या कप्प्यात त्याला एक कागद सापडला, आणि एवढेच सांगण्यासाठी त्याने फोन केला होता.

"मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही मला नकाशा काढून दिला होता, तो अजून आहे माझ्याकडे."

मला काहीही आठवेना. कसला नकाशा, कधी दिला, काही केल्या लक्षात येईना, आणि तसे कबूल करायलाही संकोच वाटला. मग त्याने त्या कागदाचा फोटो पाठवला. एका पाठकोऱ्या कागदावर निळ्या शाईने काढलेले चौकोन होते, प्रत्येक चौकोनात त्या टेबलावर बसणाऱ्याचे नाव होते आणि अक्षर निःसंशय माझे होते. भिंतीकडच्या एका चौकोनापाशी मी लिहिले होते, 'यांना सकाळी काही विचारू नये, दुपारनंतर मोकळे असतात.' प्रिंटरच्या चौकोनापाशी लिहिले होते, 'कागद अडकला तर डावीकडचे झाकण उघडावे.' खिडकीजवळच्या एका रिकाम्या चौकोनाकडे बाण काढून शब्द होते, 'आपण इथे.'

तो म्हणाला की त्या दिवशी सकाळी निघतानाच त्याने मनाशी ठरवले होते, नाही जमले तर आठवड्याभरात सोडून द्यायचे. आधीच्या नोकरीत सहा महिने त्याला कोणी नावाने हाक मारली नव्हती, त्यामुळे इथेही तसेच होणार असे तो धरून चालला होता. "'आपण इथे' वाचलं आणि वाटलं, या सगळ्यांच्यात माझाही एक चौकोन आहे." मी तो शब्द 'तुम्ही' या आदरार्थी अर्थाने लिहिला असणार. त्याने मात्र तो 'आपण सगळे' असा वाचला, आणि चौदा वर्षे तसाच जपला.

फोन ठेवल्यापासून माझ्या मनात हेच घोळते आहे. तो कागद काढायला मला फार तर पाच मिनिटे लागली असतील. त्या दिवशी माझ्या हातून झालेल्या पन्नास कामांपैकी ते सर्वांत क्षुल्लक काम असणार, म्हणून तर ते माझ्या स्मरणातून पुसले गेले. ज्याच्या हाती तो कागद पडला त्याच्यासाठी मात्र तीच त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट होती. देणाऱ्याच्या खात्यात जी रक्कम मांडलेलीही नसते, ती घेणाऱ्याच्या खात्यात वर्षानुवर्षे जमा राहते, आणि या दोन खात्यांची भेट सहसा कधी होतच नाही. आज ती झाली, केवळ एका फाइलचा कप्पा उघडला गेला म्हणून.

माझ्याही खात्यात अशी एक जमा आहे. वडील अतिदक्षता विभागात होते त्या पहिल्या रात्री मी बाहेरच्या बाकावर एकटी होते. धाकटा भाऊ रात्रीच्या गाडीने निघाला होता आणि दर तासाला त्याला कळवत राहणे एवढेच माझ्या हाती होते. पहाटे दोनच्या सुमारास फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आली. चार्जर घरी राहिला होता. भिंतीवरच्या दोन प्लगांपैकी एक बंद होता आणि दुसऱ्याला समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थांचा फोन लावलेला होता. मी काही बोलले नव्हते, नुसती फोनकडे आणि प्लगकडे आळीपाळीने पाहत असेन. ते उठले, स्वतःचा फोन काढला, वायर माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "तुमचं आधी होऊ द्या. माझी माणसं पोहोचलीत सगळी."

त्यांची सगळी माणसे पोहोचली होती म्हणजे नेमके काय झाले होते, हे मला सकाळी कळले. आत त्यांच्या पत्नी होत्या आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितले होते. ज्या माणसावर ती रात्र कोसळली होती, त्याला माझ्या फोनची बॅटरी दिसली. पुढे वडील बरे होऊन घरी आले, त्या गोष्टीला आता नऊ वर्षे होतील. त्या आठवड्यातली औषधांची नावे मी विसरले, डॉक्टरांचा चेहरा विसरले, पण ती पांढरी, टोकाशी चिकटपट्टी गुंडाळलेली वायर डोळ्यांपुढून हलत नाही. त्या गृहस्थांना मी आठवत असेन असे मला मुळीच वाटत नाही, आणि आठवावे तरी का? त्यांनी वायर पुढे केली, एवढेच तर केले होते.

देणारा आणि घेणारा यांच्या मोजमापातल्या या फरकाचा संशोधकांनी पद्धतशीर अभ्यास केलेला आहे, हे मला काही वर्षांपूर्वी वाचनात आले होते, ते आज पुन्हा काढून वाचले. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2018 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी काही लोकांना, ज्यांचे आभार मानायचे राहून गेले आहे अशा कोणाला तरी पत्र लिहायला सांगितले, आणि ते पत्र वाचून समोरच्याला काय वाटेल याचा अंदाजही विचारला. मग ज्यांना पत्रे मिळाली त्यांना प्रत्यक्ष विचारले. लिहिणाऱ्यांना वाटत होते त्यापेक्षा वाचणाऱ्यांना आनंद आणि आश्चर्य कितीतरी अधिक वाटले होते, आणि लिहिणाऱ्यांना समोरचा जेवढा अवघडेल असे वाटत होते, तेवढा तो अवघडला नव्हता. लिहिणारे आपले शब्द नीट जुळले आहेत की नाही या विवंचनेत होते. वाचणाऱ्यांचे लक्ष शब्दांच्या जुळणीपेक्षा त्यातल्या आपुलकीकडे होते.

पुढे याच दोघांनी अनोळखी माणसांमधल्या छोट्या भेटींबाबतही असेच प्रयोग केले आणि तिथेही तेच आढळले. देणारा त्या वस्तूची किंमत करतो आणि म्हणून आपण दिलेले त्याला किरकोळ वाटते. घेणाऱ्याला वस्तूबरोबर आणखी काही पोहोचलेले असते, कोणीतरी आपल्याला लक्षात घेतले ही जाणीव, आणि तिचा हिशेब देणाऱ्याच्या मनात येतच नाही. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की हा चुकीचा अंदाज निरुपद्रवी नाही. 'एवढ्याशा गोष्टीने काय होणार' असे वाटते म्हणून आपण ती करत नाही. माणसे निष्ठुर असतात म्हणून जेवढे चांगुलपण राहून जाते, त्याहून अधिक ते या एका चुकीच्या अंदाजापायी राहून जाते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

दुसरे कारण घाई.

ते मी गेल्याच आठवड्यात स्वतः अनुभवले, म्हणून इथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. इमारतीच्या तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ हातात अर्ज घेऊन उभे होते. त्यांनी मला एका विभागाचे नाव विचारले. मी चालता चालता "चौथा मजला" म्हटले आणि लिफ्टमध्ये शिरले. दार मिटताना मला दिसले की ते दुसऱ्या कोणाला तरी तोच प्रश्न विचारत आहेत. चौथ्या मजल्यावर डावीकडे वळायचे की उजवीकडे, कुठल्या खिडकीपाशी उभे राहायचे, अर्जाला आणखी काय जोडायचे, हे सारे मला ठाऊक होते. त्यांच्याबरोबर वर जायला मला चार मिनिटे लागली असती. बैठक सुरू व्हायला दहा मिनिटे होती, आणि ती पंधरा मिनिटे उशिराने सुरू झाली. त्या पंधरा मिनिटांत मी दुसरे काहीही केले नाही, फक्त त्या मिटणाऱ्या दाराचा विचार करत बसले.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांचा 1973 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात मला नेहमी आठवतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या 40 विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण देण्यासाठी पाठवण्यात आले. वाटेत एका दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत कोसळून बसलेला असेल अशी योजना होती. काही विद्यार्थ्यांना भाषणासाठी विषयच दिला होता तो वाटेत पडलेल्या जखमी अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या वाटसरूच्या बोधकथेचा. विषयामुळे मदतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईमुळे. ज्यांना सवड आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी 63 टक्के जण त्या माणसासाठी थांबले, ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ 10 टक्के. परोपकारावर बोलायला निघालेली माणसे होती ती, आणि वाईट खचितच नव्हती. हे वाचून मला निराशा वाटत नाही. उलट, दिवसाच्या कामांमध्ये दहा मिनिटांची फट मोकळी ठेवणे हादेखील चांगुलपणाचाच भाग आहे, असे मला त्यावरून उमगले आहे. मनातल्या ज्या दयेला वेळेवर हात नाहीत, तिचा त्या दारापाशी बसलेल्याला काय उपयोग?

मदत करताना विचारावे, हेही खरे. न विचारता दंड धरून रस्ता ओलांडून देणाऱ्यांबद्दल दृष्टिहीन माणसांची तक्रार रास्त आहे. "हात देऊ का?" एवढे दोन क्षण थांबून विचारले की समोरच्याचा मान राखला जातो.

छोटी गोष्ट किती लांब पोहोचू शकते याचे सर्वांत हलवून सोडणारे उदाहरण मला जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञांच्या कामात सापडले. 1969 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी हा अभ्यास सुरू केला. तीव्र नैराश्यामुळे किंवा जीव नकोसा झाल्यामुळे रुग्णालयात दाखल झालेली, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेली 843 माणसे त्यांनी दोन गटांत विभागली. एका गटाशी काहीच संपर्क ठेवला नाही. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला, त्याच्याशी रुग्णालयात बोललेली व्यक्ती अधूनमधून छोटेसे पत्र पाठवत राहिली, आधी दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी, अशी पाच वर्षांत मिळून 24 पत्रे. आशय इतकाच, की बरेच दिवस झाले, आपले ठीक चालले असेल अशी आशा आहे, चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल. त्यात उपदेश नव्हता, उपचाराला या असा आग्रह नव्हता, उत्तराची अपेक्षाही नव्हती. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्यांचे प्रमाण पाचही वर्षे कमी होते, आणि पहिल्या दोन वर्षांत तर हा फरक ठळक होता. अशा आजारात पत्र उपचाराची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे. तरी दोन-तीन ओळींचा कागद एखाद्याला जगाशी जोडून ठेवू शकतो, हे कळल्यावर 'एवढ्याशा गोष्टीने काय होणार' हे वाक्य माझ्या तोंडी आता शोभत नाही.

हे वाचत असताना मला माझ्या मैत्रिणीची आठवण टोचू लागली. तिचे यजमान चार महिन्यांपूर्वी गेले. कळल्याबरोबर मी गेले होते, दहा-बारा दिवस फोनही करत होते, मग दोन फोनांमधले अंतर वाढत गेले. आता फोन करायचा तर काय बोलायचे, तिची कशीबशी सावरलेली खपली आपण काढणार तर नाही ना, इतके दिवस कुठे होतीस असे तिला वाटले तर, या विचारांत गेले दोन महिने मी तिला एक अक्षरही लिहिलेले नाही. पत्र लिहिणाऱ्यांना वाटणारी नेमकी तीच विवंचना आहे ही, हे आज माझ्या ध्यानात आले.

म्हणून मघाशी कागद घेऊन बसले. पहिले दोन मजकूर फाडून टाकले, कारण त्यांत धीर देणारी मोठमोठी वाक्ये होती आणि ती माझी नव्हती. तिसऱ्या वेळी मी फक्त मला ठाऊक असलेली एक गोष्ट लिहिली, जी तिला बहुधा ठाऊक नसावी. तिच्याकडून निघायला मला नेहमी उशीर व्हायचा. आमचा निरोप दारातच व्हायचा आणि ती आत आवराआवरीला लागायची. मी खाली येऊन स्कूटर सुरू करताना वर पाहायचे, तर तिचे यजमान गॅलरीत उभे असायचे. हात हलवायचे नाहीत, काही म्हणायचे नाहीत. मी कोपऱ्यावर वळताना आरशात पाहायचे, तेव्हाही ते तिथेच असायचे, आणि मी पुरती वळले की गॅलरीतला दिवा बंद व्हायचा. वीस वर्षांत एकदाही यात खंड पडला नाही, आणि मी त्यांना त्याबद्दल एकदाही काही म्हटले नाही.

खाली लिहिले, 'उत्तर पाठवायलाच हवे असे नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा लिहीन.' पाकिटावर पत्ता घालताना तिच्या नावाआधी त्यांचे नाव लिहायला हात सवयीने वळला, मग थांबून तिचे एकटीचे लिहिले. पाकीट पर्समध्ये वरच ठेवले आहे, सकाळी निघाल्याबरोबर टपालात टाकायचे आहे.