तुम्ही विचारलंत म्हणून: चळवळीसाठी कोणतं ॲप वापरायचं?

शिबिरात तरुण कार्यकर्ते भेटले की हा प्रश्न हमखास येतो. मी वनहक्काच्या कामात आहे, म्हणून तिथलंच सांगते.

पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांचे त्या जमिनीवरचे आणि जंगलावरचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६चा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि आपणही दावा करू शकतो असं कितीतरी गावांना वाटू लागलं. दाव्याला नकाशा हवा. इथे मोबाइल फार कामाचा. जीपीएसला रेंज लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. दाट झाडीत नोंद थोडी इकडेतिकडे होते, तेव्हा जरा मोकळ्यात थांबून घ्यायची. रेंजशिवाय चालणारं आणि नोंदींची फाइल गावाच्या हाती देणारं कुठलंही ॲप चालेल.

पण शीव कुठून जाते हे मोबाइलला कुठून कळणार? ते ठाऊक असतं जाणत्या माणसांना, आणि सरपणाला, मोहफुलांना रोज रानात जाणाऱ्या बायांना. त्यांनी पुढे चालायचं, फोनवाल्या पोरांनी मागून. ‘हा पाणवठा दोन्ही गावांचा’, ‘या देवाच्या पलीकडे आपण मोहफुलं वेचत नाही’ असं कुणी बोललं की तिथल्या तिथे, त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करा. शेजारगावची माणसंही सोबत घ्या, म्हणजे हद्दीचा वाद रानातच मिटतो.

फोटोंबाबत एक सांभाळा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली जागेची नोंद पुसली जाते. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो फोनमधून काढू नका.

‘उपग्रहाच्या चित्रात तुमची वहिवाट दिसत नाही’ म्हणून दावा नाकारू लागले, तर २०१२ची नियमदुरुस्ती पुढे ठेवा. उपग्रहाची चित्रं इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांच्या जागी ती चालत नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही कायद्याने पुरावाच आहे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मात्र एक साधा तक्ता. गाव, दाव्याच्या ग्रामसभा-ठरावाची तारीख, पोच मिळाली का, दावा कोणत्या समितीकडे आहे (उपविभागाच्या की जिल्ह्याच्या), फेटाळला तर लेखी कारण काय. अपिलाला ६० दिवस असतात, म्हणून तारखा लागतातच. आणि पंचवीस-तीस गावांचे तक्ते एकत्र केले की कागद नेमके कुठे अडतात ते दिसतं. फेब्रुवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवायचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात त्याला स्थगितीही दिली. माझा दावा फेटाळलाय का, कुणी फेटाळला, हे तेव्हा कितीतरी घरांना सांगता येत नव्हतं. त्या धास्तीने या तक्त्याची किंमत कळली.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे ‘हो’ म्हणाले म्हणून ठराव होत नाही. दाव्याच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. फोन बहुतेक घरांत पुरुषांच्या हातात असतो, त्यामुळे ग्रुपवर बायांचं म्हणणं येतच नाही. म्हणून नकाशा मोठा छापा, ग्रामसभेत जमिनीवर अंथरा, प्रत्येक खुणेचं नाव मोठ्याने वाचा. बाया दुरुस्त्या सुचवतात, त्या नकाशावर घ्या, आणि मगच ठरावावर सह्या-अंगठे होऊ द्या.