फुकटचा टनेल कुठला चांगला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे होस्टेलमधली मुलं नेहमी विचारतात, "सर, प्रॉक्सी चुकवायला एखादं फुकटचं टनेलिंग सॉफ्टवेअर सांगा ना." मी एकही सांगत नाही.

प्रॉक्सी म्हणजे होस्टेलचं किंवा ऑफिसचं इंटरनेट ज्यातून गाळून जातं तो मधला सर्व्हर, आणि टनेल म्हणजे त्याच्या नजरेआडून जायची वाट. तो टनेल चालतो कसा ते आधी बघा. कडक प्रॉक्सी 80 आणि 443 हे वेबचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांकाचे दरवाजे, तेवढे चालू ठेवतो, दूरच्या मशीनवर काम करायच्या एसएसएचचा 22 बंद. पण बँकेची साइट उघडायची, तर ब्राउझर प्रॉक्सीला 'कनेक्ट' म्हणून त्या साइटचं नाव आणि पोर्ट देतो. प्रॉक्सी जोडणी करून देतो आणि बहुतेक ठिकाणी पुढचं एन्क्रिप्टेड बोलणं नुसतं इकडून तिकडे पोचवतो. टनेल हीच सोय वापरतो. बाहेर 443 वर एक सर्व्हर बसलेला असतो, तुमचं सगळं त्याच्यामार्फत जातं. माझ्या लॉगमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या नोंदीत, तुम्ही काय बघताय ते दिसत नाही, पण एकाच अनोळखी पत्त्याशी तासन्‌तास चाललेली जोडणी लगेच नजरेत भरते.

आणि माझ्यापासून लपवलेलं त्या सर्व्हरच्या मालकाला दिसतं. कुठल्या साइटवर गेलात, कधी, किती वेळ. तो मालक कोण, हे कुणीच विचारत नाही, याची मला खरी काळजी वाटते. 'होला' हे असलंच फुकट ॲप आपल्या फुकट्या ग्राहकांचं कनेक्शन परस्पर दुसऱ्यांना विकत होतं, हे 2015 मध्ये गाजलं. 'ओनावो' हे तसलंच दुसरं ॲप फेसबुकने 2013 मध्ये विकत घेतलं आणि लोक फोनवर कुठली ॲप वापरतात ते त्यातून पाहिलं. 2018 मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून गेलं.

शिवाय कित्येकांना टनेल लागतच नाही. ब्राउझर चालतो, पण टर्मिनलमध्ये 'गिट क्लोन' (कोडची प्रत उतरवून घ्यायची आज्ञा) अडकतं, कारण गिटला प्रॉक्सीचा पत्ता कुणी दिलेलाच नसतो. एसएसएचऐवजी एचटीटीपीएसची लिंक घ्या, गिटच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी घाला, काम होतं. पायथनची पॅकेजेस उतरवणाऱ्या 'पिप'चंही तसंच.

तरीही अडलं, तर साइटचं नाव आणि कारण लिहून अर्ज द्या. इंजिनिअरिंगच्या मुलांना 22 बंद ठेवणं मला स्वतःला चुकीचं वाटतं, आणि असे अर्ज हातात असले की वरिष्ठांशी भांडायला मला बळ येतं. ऑफिसच्या मशीनवर मात्र परवानगीशिवाय स्वतःच्या सर्व्हरचा टनेलसुद्धा लावू नका, त्यात नोकरी जाऊ शकते.