समेवर येऊ नका

वॉशिंग्टन हाइट्सला राहायला आले तेव्हा पहिला उन्हाळा खिडक्या बंद करून काढला. मॅनहॅटनच्या वरच्या टोकाची ही डॉमिनिकन वस्ती. फुटपाथवर रात्री उशिरापर्यंत डॉमिनोचे डाव आणि शेजारी हा मोठा स्पीकर. मला सगळा साल्साच वाटायचा.

"मिहा, पोरी, ही बचाता!" वरच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा जिन्यातच सुनावलं. हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिथेच माझी नाचाची शिकवणी सुरू झाली.

आधी मेरेंगे. ते म्हणजे जागच्या जागी चालणं, एक-दोन, एक-दोन. गुडघा वाकला की कंबर आपोआप हलते. गणपतीच्या मिरवणुकीत नाचलेल्या कुणालाही पाच मिनिटांत जमेल.

बचातात तीन पावलं टाकायची आणि चौथ्याला पाय नुसता टेकवायचा, भार द्यायचा नाही. हल्ली क्लासमध्ये ती डावी-उजवीकडे शिकवतात. आजींची मात्र चौकोनात, एका फरशीत मावेल एवढी. डॉमिनिकन रिपब्लिकमधली त्रुहियोची हुकूमशाही 1961 मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी होसे मानुएल काल्देरोन यांनी पहिल्या बचाता ध्वनिमुद्रित केल्या. पुढे कितीतरी वर्षं हे गुत्त्यातलं गाणं म्हणून बड्या घरांनी नाकं मुरडली. 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. मला आपली लावणी आठवली.

खरी फजिती साल्साने केली. मूळ क्यूबातल्या 'सोन' या संगीतप्रकारातलं. वाढला तो इथे न्यूयॉर्कमध्ये, पुएर्तो रिकन आणि क्यूबन वादकांच्या हाती. मोजायचं आठपर्यंत, पावलं सहाच. चार आणि आठ रिकामे. माझं लहानपण साताऱ्यात बाबांच्या तबल्याशेजारी गेलं, त्यामुळे तालातली 'खाली', ती रिकामी जागा, मला नवी नाही. क्लावे या लाकडी दांड्यांचे तीन-दोन असे पाच ठोकेही कानाने लगेच धरले.

पण लॉस एंजेलिसवाले पहिल्या मात्रेला दिशा बदलतात, न्यूयॉर्कवाले दुसऱ्या. आणि आजी पक्क्या न्यूयॉर्कच्या! कितीही गिरक्या घे, पण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर ये, हे बाबांनी मांडीवर थाप देऊन अंगात मुरवलेलं. तीन महिने झाले, मी अजून 'एक'लाच सुटते. आजी काही बोलत नाहीत. नुसता माझा खांदा दाबून धरतात आणि 'दोन'ला सोडतात.