नळ्यांवरचा ढीग

न्यू जर्सीतील एडिसन आणि आसपासच्या गावांत उन्हाळ्यात हिरवळ राखण्याचे आणि थंडीत घरांपुढचा बर्फ काढण्याचे काम मी २०११ पासून करतो. पुढे बर्फ ढकलायचे पाते लावलेल्या दोन पिकअप, बर्फ दूर फेकणारी दोन यंत्रे (स्नोब्लोअर), एक कायमचा मदतनीस आणि घरी बसून फोन व हिशेब सांभाळणारी बायको, एवढाच या व्यवसायाचा पसारा आहे. जानेवारी २०१६ मध्ये माझ्याकडे ३१ घरे होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक आपल्या मराठी आणि गुजराती लोकांची होती. काहीजण नोव्हेंबरमध्येच सगळ्या मोसमाचे पैसे एकरकमी देतात, तर काहीजण जेवढ्या वेळा पाते फिरेल तेवढ्या वेळांचे देतात. पण दोघांच्याही करारात दोन इंच बर्फ साचला की मी न बोलावता यायचे, हे कलम असतेच.

त्या महिन्याच्या २३ तारखेचा शनिवार इकडच्या बहुतेकांच्या लक्षात आहे. आदल्या दिवशीच गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी राज्यात आणीबाणी जाहीर केली होती, शनिवारी पहाटे न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाड्या थांबल्या आणि दुपारी न्यूयॉर्क शहराने रस्त्यांवर खासगी वाहने आणण्यास बंदी घातली. तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये त्या वादळात २७.५ इंच बर्फ पडला. १८६९ पासून ठेवलेल्या नोंदींत एका वादळात इतका बर्फ तिथे कधीच पडला नव्हता. आमच्या भागातही मध्यरात्रीनंतर जो सुरू झाला तो पुढची मध्यरात्र होईपर्यंत थांबला नाही.

बर्फ काढणे म्हणजे बर्फ ढकलणे, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ढकलण्यापेक्षा ठेवण्याचे काम अवघड असते. ताजा, कोरडा बर्फसुद्धा एका घनफुटाला साधारण तीन किलो भरतो आणि दाबला गेला की त्याच्या दुप्पट-तिप्पट होतो. पन्नास फूट लांब आणि वीस फूट रुंद ड्राइव्हवेवर, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीच्या वाटेवर, दोन फूट बर्फ पडला, तर सहा टन माल कुठेतरी नेऊन टाकायचा असतो आणि तोही त्याच आवारात, कारण रस्त्यावर ढकलायला मनाई आहे आणि शेजाऱ्याच्या हद्दीत टाकणे योग्य नाही. शिवाय दोन फूट बर्फ एकदम उचलला जात नाही. पिकअपचे पाते जेमतेम अडीच फूट उंच असते आणि त्यामागची गाडी घसरते. म्हणून दर चार-सहा इंचांमागे एक फेरी मारावी लागते आणि पहिल्या फेरीचा ढीग जिथे पडतो तिथेच तो गोठून बसतो. माझे वडील उसाला पाणी देताना सांगत असत की, दारे धरणाऱ्याला पाणी शेवटी कुठे जाऊन थांबणार हे पहिला वाफा फोडण्याआधी ठाऊक असले पाहिजे. या कामातही तेच लागू आहे आणि त्या दिवशी मी नेमके तेच विसरलो.

एका बंद गल्लीच्या टोकाला माझे एक घर आहे. मुलगा कंपनीच्या कामासाठी शिकागोला गेलेला, त्याचे विमान रद्द झालेले; सून इस्पितळात नर्स, ती शुक्रवारपासून कामावरच अडकलेली. घरात फक्त साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील होते. आठवडाभरापूर्वी मी बर्फ वितळवणारे मीठ टाकायला गेलो होतो तेव्हा काकूंनी हातावर तिळगूळ ठेवला होता आणि काकांनी माझ्या गाडीच्या पात्याला हात लावून ते वर-खाली कसे होते हे बारकाईने विचारून घेतले होते.

त्या घराच्या ड्राइव्हवेच्या उजव्या बाजूला रस्त्यालगत अग्निशमनाचा नळ आहे, त्यामुळे उजवीकडे ढीग फार पुढे आणता येत नाही. पहाटे पाचच्या पहिल्या फेरीत मी बर्फ उजवीकडे मागच्या अंगाला नेला. सकाळी दहाच्या सुमारास दुसऱ्या फेरीला आलो तेव्हा ती जागा भरली होती, वारा बेफाम होता, काचेपलीकडे दहा फुटांवरचे दिसत नव्हते आणि माझी अजून अकरा घरे बाकी होती. मी पाते डावीकडे वळवले आणि सगळा बर्फ घराच्या भिंतीशी नेऊन रचला. त्या बाजूला खिडकी नव्हती, दार नव्हते, गाडी नव्हती. जागा मोकळी आहे असे मी धरून चाललो.

जागा मोकळी नव्हती. घर गरम ठेवणाऱ्या अलीकडच्या गॅसभट्टीचा, म्हणजे फर्नेसचा, धूर छपरावरच्या चिमणीतून न जाता भिंतीतून बाहेर काढलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून जातो आणि शेजारच्या तशाच दुसऱ्या नळीतून त्याला हवा मिळते. त्या घरात या दोन्ही नळ्या जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर, एका झुडपाच्या आडून बाहेर आल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये मी त्या घरापुढे नारिंगी काठ्या रोवल्या होत्या. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडा, अग्निशमनाचा नळ, फुलझाडांचा वाफा, सगळ्याला खूण होती. नळ्यांना नव्हती.

दुपारी अडीचला तिसऱ्या फेरीला पोहोचलो तेव्हा पहिली गोष्ट खटकली ती ही की, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचा आतून पाण्याने ओघळत होत्या. दाराची घंटा वाजवली तर बराच वेळ कोणी आले नाही. मग काकांनी दार उघडले. अंगात कोट, डोक्याला मफलर आणि चेहरा असा की झोपेतून उठून आल्यासारखा. आत दिवाणखाना गारठलेला होता आणि स्वयंपाकघर मात्र कोंदट उबेचे. गॅसच्या चारही शेगड्या मोठ्या आचेवर पेटलेल्या होत्या, ओव्हनचे दार उघडे टाकून तोही चालू होता आणि काकू टेबलावर डोके टेकून बसल्या होत्या.

"हीटिंग अकरालाच बंद पडलं," काका म्हणाले. "मुलगा फोनवर म्हणाला, कुणाला तरी बोलावतो. पण या हवेत कोण येणार? म्हणून म्हटलं, शेगड्या पेटवून बसावं. हिचं डोकं ठणकतंय आणि दोनदा उलटी झाली. थंडी बाधली असणार."

मी विचारले, "काका, अलार्म वाजला नाही का?"

"ती भिंतीवरची डबी ना? ती सारखी ओरडत होती. चार वेळा टूं टूं करायची, थांबायची, पुन्हा चार वेळा. सेल संपले असतील म्हणून काढून ठेवले."

ते दोन सेल टेबलावर, काकूंच्या हाताशी, तिळगुळाच्या डब्याच्या झाकणात ठेवलेले होते. सेल संपत आले की ते यंत्र मिनिटाला एकदाच चिवचिवते. चार वेळा वाजून थांबणे आणि पुन्हा चार वेळा वाजणे, म्हणजे घरात कार्बन मोनॉक्साइड भरतो आहे. हे या देशात वर्षानुवर्षे राहणाऱ्या अनेकांनाही माहीत नसते, तर महिन्या-दोन महिन्यांपूर्वी आलेल्या पाहुण्यांना कसे असणार? काकांचे म्हणणे होते की, गॅसचा वास तर कुठेच येत नव्हता. ते खरेच होते. गळणाऱ्या गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळलेले असते. जळून तयार होणाऱ्या या वायूला ना रंग असतो, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि माणसाला वाटते की आपल्याला थंडीने किंवा जागरणाने थकवा आला आहे.

मी शेगड्या आणि ओव्हन बंद केले, पुढचे-मागचे दार सताड उघडले आणि दोघांना रजईत गुंडाळून बाहेर माझ्या गाडीत बसवले. काकूंना धरूनच न्यावे लागले, त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गाडीत बसवण्याआधी मी गाडीच्या सायलेन्सरमागचा बर्फ फावड्याने उडवला, कारण उभ्या गाडीचा सायलेन्सर बर्फात बुडला तर हाच वायू गाडीत शिरतो. त्याच दिवशी आमच्याच राज्यातल्या पसेइक शहरात असे घडले होते हे मला नंतर कळले: मुलाचे वडील बाहेर बर्फ उपसत असताना ऊब मिळावी म्हणून गाडीत बसलेली आई आणि तिचे वर्षाचे मूल दगावले.

मी ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन लावला. बंब आणि रुग्णवाहिका मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत येतील, पण त्या गल्लीत अजून नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी गेलेली नाही, असे तिकडून सांगण्यात आले. गल्ली अडीचशे-तीनशे फूट लांब आणि बर्फ गुडघ्याच्या वर. सार्वजनिक रस्त्यावर पाते लावण्याचा मला अधिकार नाही. मी ते लावले. गाडीत काका-काकू बसलेले, काचा अर्ध्या उघड्या आणि मी पाते जमिनीपासून बोटभर उंच धरून, दहा-दहा फूट पुढे घेऊन, मागे येऊन, पुन्हा पुढे, अशी ती गल्ली उकरत गेलो. काकू मध्येच म्हणाल्या, "सावकाश चालव रे, बाळा." त्यांनी बोललेले ऐकून मला जो धीर आला तो शब्दांत मांडता येत नाही. बारा-तेरा मिनिटांनी पलीकडे लाल दिवे दिसले.

दोघांना रुग्णवाहिकेत प्राणवायू लावला आणि मी पुढे पाते धरून त्या रुग्णवाहिकेला मोठ्या रस्त्यापर्यंत वाट करून दिली. परत आलो तेव्हा बंबावरचे जवान मास्क लावून घर तपासत होते. दारे उघडून पाऊण तास होत आला होता, तरी स्वयंपाकघरात त्यांच्या मीटरवर या वायूचा आकडा ६० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ६० भाग) आसपास होता. त्यांच्यातला एक वयस्कर जवान तळघरात फर्नेस पाहून बाहेर आला, भिंतीच्या कडेने चालत माझ्या ढिगापाशी थांबला आणि काही न बोलता हातमोज्याने बर्फ उकरू लागला. ढिगाच्या तळाजवळ दोन पांढरी टोके दिसली. त्याने मला समजावून सांगितले की, नळ्या बुजल्यावर फर्नेस स्वतःहून बंद पडली आणि तिने ते बरोबर केले. वायू झाला तो बंद घरात तीन तास जळणाऱ्या शेगड्यांमुळे. त्याच्या बोलण्यात माझ्यावर ठपका नव्हता. पण शेगड्या का पेटवाव्या लागल्या, हे आम्हा दोघांनाही समोर दिसत होते. मी म्हणालो, "हा ढीग मी घातला आहे." त्याने ते लिहून घेतले.

संध्याकाळी मुलाचा शिकागोहून फोन आला. इस्पितळाकडून त्याला कळले होते की दोघेही धोक्याबाहेर आहेत, रात्रभर देखरेखीखाली ठेवून सकाळी सोडतील. तो माझे आभार मानू लागला तेव्हा मी त्याला थांबवले आणि दहा वाजता मी काय केले ते सांगितले. माझ्या विमा एजंटाने पुढे मला बजावले की चूक कबूल करण्याआधी त्यांना विचारायला हवे होते. मला ते पटले नाही, आजही पटत नाही.

त्यानंतरची रात्र मला दुपारपेक्षा जास्त आठवते. बायकोने यादी घेऊन उरलेल्या तीसही घरी फोन लावले आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले: हीटिंग चालू आहे का आणि अलार्ममध्ये सेल आहेत का. एका घरी रंगकामाच्या वेळी काढलेला अलार्म अजून कपाटातच होता. पाते फिरवण्याचे काम मी मदतनिसाकडे दिले आणि विजेरी व फावडे घेऊन घराघराच्या भिंती पाहत सुटलो. चार घरी नळ्या बुजलेल्या सापडल्या. दोन ठिकाणी माझ्या ढिगाने, दोन ठिकाणी वाऱ्याने रचलेल्या बर्फाने. तिथे यंत्र चालत नाही, कारण थंडीत ते प्लास्टिक ठिसूळ होते आणि फावड्याचा एक फटकाही पुरतो. म्हणून गुडघ्यांवर बसून हाताने उकरायचे. शेवटच्या घरी पहाटे तीनला नळीचे तोंड मोकळे झाले, आतल्या माणसाने माझ्या सांगण्यावरून फर्नेस पुन्हा सुरू केली आणि थोड्या वेळाने त्या नळीतून पांढरी वाफ निघू लागली. ती माझ्या तोंडावर येत होती तरी मी बराच वेळ तिथून हललो नाही.

रविवारी लख्ख ऊन पडले. शनिवारी दुपारनंतर ज्यांच्याकडे मी पोहोचू शकलो नाही त्यांच्यापैकी दोघांनी करार मोडला. एकाला सकाळी विमानतळावर जायचे होते. त्याचा राग मी समजू शकतो.

तेव्हापासून नवे घर घेताना मी आधी चारही भिंतींभोवती फिरतो, प्रत्येक नळीची, गॅसच्या मीटरची आणि तळघराच्या खिडकीची जागा कागदावर काढतो आणि त्या कागदावर ढीग कुठे घालायचा ते आखून मालकाची सही घेतो. नळ्यांपाशी लाल काठ्या असतात, म्हणजे नारिंगीत त्या मिसळत नाहीत. एखाद्या घरी ढिगाला योग्य जागाच नसेल, तर ते घर मी घेत नाही.

पुढच्या वर्षी काका-काकू पुन्हा आले होते. नोव्हेंबरच्या एका सकाळी मी त्यांच्या भिंतीशी काठ्या रोवत असताना काका माकडटोपी घालून बाहेर आले, माझे काम पाहत उभे राहिले आणि मग एका काठीशेजारी येऊन त्यांनी आपला हात छातीला आडवा लावला. काठी त्यांच्या कमरेपर्यंतच येत होती. "ढीग इथवर होता," ते म्हणाले. "ही काठी बर्फात बुडेल. मग तुम्हाला दिसणार काय?"

मी त्या तीन फुटी काठ्या उपटल्या आणि दुसऱ्या दिवशी पाच फुटी आणून लावल्या, त्यांच्याकडे आणि बाकीच्या सगळ्या घरी.