किडलेला दात ओळखायला पुन्हा शिकले तेव्हा

दवाखान्यातली प्रॅक्टिस थांबवून मी पीएचडीला आले, तेव्हा कीड ओळखणं हा माझ्यासाठी प्रश्नच नव्हता. रोज तेच तर करत होते. पण शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणाआधी आम्हा तपासणाऱ्यांचं कॅलिब्रेशन झालं आणि मौखिक आरोग्याच्या संशोधनातली खरी मेहनत कुठे आहे ते कळलं.

कॅलिब्रेशनमध्ये एकाच मुलाचं तोंड दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि नंतर नोंदी ताडून बघायच्या. शंभरातल्या नव्वद जुळल्या की बरं वाटतं. आमच्या गाईड मॅडमनी तिथेच अडवलं. शंभरातले नव्वद दात मुळात निरोगीच असतील, तर तोंडात न बघता सगळीकडे ‘निरोगी’ लिहिणाऱ्याच्याही नव्वद नोंदी बरोबर येणार! म्हणून कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’, म्हणजे दोघांच्या नोंदींची जुळणी मोजणारा आकडा, काढतात. योगायोगाने जुळणारा भाग त्यात वजा होतो. ०.८० च्या वर गेला तर उत्तम. आमचा सुरुवातीला बराच खाली होता.

घोडं अडत होतं ते दाढेच्या खाचेजवळच्या पांढुरक्या डागापाशी. कीड अगदी सुरुवातीची असेल तर दात ओला असताना हा डाग दिसतच नाही. हवेचा झोत पाचेक सेकंद मारला की खडूसारखा उमटतो. क्षार निघून गेल्याने इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थराला, सूक्ष्म छिद्रं पडलेली असतात; त्यातलं पाणी जाऊन हवा शिरली की प्रकाश जास्त विखुरतो. माझ्यातली डॉक्टर म्हणायची, ही कीडच. जागतिक आरोग्य संघटनेची सर्वेक्षणाची पद्धत मात्र पोकळी पडेपर्यंत दात निरोगी धरते. आयसीडीएएस या कीड ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत याच डागाला १ किंवा २ हा कोड मिळतो. दोन्ही निकष आपापल्या जागी योग्यच, पण एका अभ्यासात एकच चालतो. शाळेत हवेचा झोत कुठला मिळणार? आम्ही पहिला निकष घेतला.

डोळ्यांना दिसतंय आणि हाताने ‘निरोगी’ लिहायचं, हे मला फार जड गेलं. टोकदार प्रोब (दात तपासायची बारीक सळई) खुपसून खात्री करायचीही सोय नव्हती. त्याने डागावरचा नाजूक थर मोडू शकतो. सर्वेक्षणात म्हणूनच टोकाला ०.५ मिमीची गोळी असलेला प्रोब वापरतात. एथिक्स कमिटीने एक अट घातली होती: दुखणं किंवा सूज दिसली तर त्या मुलाच्या पालकांना उपचारासाठी चिठ्ठी द्यायचीच. त्या अटीचा मला मोठा आधार वाटला.

जिथे मतभेद झाला तो प्रत्येक दात आम्ही वहीत उतरवला आणि त्यापुढे ठरलेला नियम लिहिला. हळूहळू कप्पा वर आला. प्रत्यक्ष सर्वेक्षणातही साधारण दहा टक्के मुलं पुन्हा तपासली, कारण दमलेली नजर सैल पडते.

पेपर पाठवल्यावर परीक्षकाने आधी कप्पाच विचारला. एकूण आकड्यावर त्याचं समाधान झालं नाही. दुधाच्या आणि कायमच्या दातांचा वेगवेगळा मागितला. वही होती, नोंदी होत्या, म्हणून देता आला.